‘वेळ झाला’ आणि ‘वेळ झाली’ : काळ मंदावण्याविषयीच्या एका मराठी वाक्याची चिकित्सा

सापेक्षतावादाचा परिचय करून देणाऱ्या मराठी लेखनात आणि वर्गातील व्याख्यानांत एक वाक्य हमखास भेटते : ‘वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचा काळ मंदावतो.’ मानसशास्त्राची ओळख करून देतानाही, संकटाच्या क्षणी ‘काळ मंदावल्यासारखा वाटतो’ असे लिहिले जाते. दोन भिन्न शास्त्रांतील दोन भिन्न घटना एकाच क्रियापदाने सांगितल्या गेल्या की त्या एकच आहेत असा वाचकाचा समज होतो, आणि एक ‘खरी’ व दुसरी ‘भासमान’ एवढाच काय तो फरक उरतो. भौतिकशास्त्रात दोष काढण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. तथापि वरील वाक्य मराठी आहे, आणि मराठी वाक्य म्हणून ते परीक्षेस उतरते की नाही हे पाहणे भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर उच्च शिक्षण मराठीतून देण्याची चर्चा पुन्हा जोर धरीत असताना हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम ‘मंदावणे’ हे क्रियापद घेऊ. दिवा मंदावतो, वारा मंदावतो, नाडी मंदावते, बाजार मंदावतो. या सर्व उदाहरणांत तुलना एकाच वस्तूच्या दोन अवस्थांची आहे. दिवा मघाशी होता त्यापेक्षा आता मंद झाला. शेजारचा दिवा अधिक तेजस्वी असला म्हणून आपला दिवा मंदावला असे कोणी म्हणत नाही. याच्या उलट ‘मागे पडणे’ हे क्रियापद. शर्यतीत मागे पडायचे तर दुसरा कोणी धावत असावा लागतो. घड्याळाच्या बाबतीत मराठी माणूस हेच क्रियापद वापरतो. ‘माझे घड्याळ मागे पडते’ या वाक्यात दुसऱ्या एका घड्याळाचा उल्लेख नसला तरी ते गृहीत आहे. शिवाय ‘घड्याळ मागे आहे’ आणि ‘घड्याळ मागे पडते’ यांतील भेदही आपण सहज पाळतो. पहिल्यात अंतर ठरलेले आहे, दुसऱ्यात ते वाढत जाते.

मुंबईकरांना या भेदाचे एक ऐतिहासिक उदाहरण उपलब्ध आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, परंतु मुंबई शहराने आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. जवळजवळ अर्धे शतक शहरातील घड्याळे दोन प्रकारची होती, पण मुंबई वेळेचे घड्याळ मागे होते, मागे पडत नव्हते. बोरिवलीहून दक्षिणेस येणाऱ्या माणसाचा प्रवासातील एक मिनिटही त्यामुळे कमी अथवा अधिक झाला नाही. वाद होता तो कोणत्या क्षणाला बारा म्हणावयाचे याचा. मधल्या अवधीबद्दल तंटा नव्हता.

येथेच मराठीचे एक वैशिष्ट्य पुढे येते, आणि माझ्या मते ते या सर्व प्रकरणाची किल्ली आहे. ‘वेळ’ हा शब्द मराठीत दोन लिंगांनी चालतो, हे शाळेतील विद्यार्थीही जाणतो. परंतु हा केवळ लिंगविकल्प नव्हे. ‘निघायची वेळ झाली’ आणि ‘निघायला वेळ झाला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात एक क्षण आला, दुसऱ्यात एक अवधी उलटला. ‘ती वेळ’ ही जागा आहे. ती ठरते, टळते, येते, साधते, आणि मोजावयाची झाल्यास ‘तीन वेळा’ अशी संख्येने मोजली जाते. ‘तो वेळ’ हे परिमाण आहे. तो लागतो, जातो, पुरतो, वाया जातो, आणि त्याचे अनेकवचन होत नाही, कारण पाण्याप्रमाणे तो मापाने मोजावयाचा असतो. दुसरी गोष्ट अशी की ‘तो वेळ’ कोणाचा तरी असतो : माझा वेळ गेला, तुमचा वेळ घेतला. ‘ती वेळ’ बहुधा सर्वांना समान असते : गाडीची वेळ फलाटावरच्या सर्वांची एकच.

तिसरा शब्द ‘काळ’. परंपरेने तो ‘कल्’ म्हणजे गणना करणे या धातूवरून साधला जातो. मराठीत मात्र त्याला युगाची आणि मृत्यूची छटा आली आहे. ‘माझा काळ’ म्हणजे माझी हयात, माझा जमाना. ‘काळ बदलला’ हे सर्वांसाठीच बदलते. अर्थात् ज्या सिद्धांताने सर्वांना समान असा काळ नाकारला, तो सिद्धांत सांगण्यासाठी आपण नेमका तोच शब्द निवडला आहे जो समानतेचा सर्वाधिक आग्रह धरतो, आणि त्याला जोड दिली आहे ती ‘मंदावणे’ या स्वतःशीच तुलना करणाऱ्या क्रियापदाची. वाचक गोंधळतो यात नवल नाही. ‘प्रवाशाला आपण मंद झाल्याचे कळत कसे नाही?’ हा प्रश्न पदव्युत्तर वर्गातही विचारला जातो. तो भौतिकीतून उद्भवलेला प्रश्न नाही. वाक्यरचनेने तो निर्माण केला आहे.

वस्तुस्थिती काय आहे? १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दोन ठिकाणच्या घटना ‘एकाच वेळी’ घडल्या असे सर्वांच्या वतीने म्हणण्याचा अधिकार काढून घेतला. म्हणजे आपल्या भाषेत, ‘ती वेळ’ सर्वांना समान राहिली नाही. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की यांनी प्रत्येक प्रवाशाच्या मार्गावर त्याच्याच घड्याळाने मोजलेला जो स्वकाल म्हणून सांगितला, तो आपला ‘तो वेळ’. दोन प्रवासी एका ठिकाणी विलग झाले, निरनिराळ्या मार्गांनी गेले आणि पुन्हा भेटले, तर त्यांचा वेळ सारखा भरेलच असे नाही. अंधेरीहून घाटकोपरला दोन रस्त्यांनी गेलेल्या दोघांचे अंतर सारखे भरत नाही, यात कोणाला विरोधाभास दिसत नाही, आणि कोणाचे किलोमीटर ‘आखडले’ असेही आपण म्हणत नाही.

१९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडून गेलेली घड्याळे परत आल्यावर जागेवरच्या घड्याळांच्या तुलनेने सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडलेली आढळली, पश्चिमेकडून गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेलेली. ‘वेगाने जाणाऱ्याचा काळ मंदावतो’ एवढेच ज्याने पाठ केले आहे त्याला या दुसऱ्या आकड्याचा उलगडा होणार नाही. ‘मागे पडणे’ आणि ‘पुढे जाणे’ ही आपली जुनी क्रियापदे मात्र येथे यत्किंचितही अडखळत नाहीत.

हे परिणाम विमानांपुरतेच असतात असेही नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेतील प्रमाण व तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत प्रकाशीय घड्याळांच्या साहाय्याने ३३ सेंटिमीटर उंचीच्या फरकाने आणि सेकंदाला १० मीटरपेक्षाही कमी वेगाने पडणारा भेद मोजला गेला. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, आपल्या लोकलच्या बेताचाच वेग. सहज हिशेब करून पाहिला. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग कल्पिले, तर ताशी ४० किलोमीटरने तासभर जाणाऱ्याचे घड्याळ फलाटावरील घड्याळाच्या मानाने त्यांतील सुमारे अडीच भाग मागे पडते. उलट मुलुंडला जमिनीपासून ३० मीटर उंच, दहाव्या मजल्यावर राहणाऱ्याचे घड्याळ तळमजल्याच्या मानाने दिवसाकाठी सुमारे २८० भाग पुढे जाते. लोकलने मिळविलेले उद्वाहनाने कितीतरी पटीने गमावले जाते, असे गमतीने म्हणता येईल.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. वातावरणात उंचावर निर्माण होणारे म्युऑन सरासरी २.२ लक्षांश सेकंदच जगतात. (लक्षांश म्हणजे येथे दहा लाखांवा भाग. मराठी परिभाषेची ही आणखी एक अडचण.) तेवढ्या अवधीत त्यांनी फार तर ६६० मीटर जावे, तरी ते जमिनीपर्यंत पोहोचतात. ते तर परत येऊन कोणाला भेटत नाहीत! मग तेथे तरी काळ मंदावला म्हणावे काय? फ्रिश आणि स्मिथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला माउंट वॉशिंग्टनवरील प्रयोग पाहिला तर दिसते की म्युऑनचे एक आयुष्य हे शिखरावरच्या आणि समुद्रसपाटीवरच्या, परस्परांशी जुळवून ठेवलेल्या वेळांशी ताडले जाते. म्हणजे म्युऑनचा ‘तो वेळ’ आणि आपल्या दोन ‘वेळा’ यांची ही तुलना आहे. म्युऑनच्या बाजूने पाहिल्यास त्याचे आयुष्य होते तेवढेच आहे, पर्वतच बुटका झाला आहे. कोणी मंदावले हे कोणाच्या जुळणीने मोजावयाचे त्यावर अवलंबून राहते. आक्षेपाने माझे म्हणणे सैल होते हे खरे, पण मोडत नाही.

आता अनुभवाकडे वळू. येथे मराठी बोलणारा ‘मंदावणे’ वापरीतच नाही. तो म्हणतो, ‘वेळ जाता जात नाही.’ ‘वेळ हळू जातो’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही क्वचितच कानी पडते. मंदपणा आपण नकाराने सांगतो, आणि तो वर्तमानकाळात. शीघ्रपणा मात्र भूतकाळात : ‘वेळ कसा गेला ते कळले नाही.’ चालू क्षणी ‘वेळ भराभर जात आहे’ असे म्हणणारा बहुधा परीक्षार्थी असतो. ही काळांची वाटणी आकस्मिक नाही. रिकामा वेळ सरताना लांबतो आणि आठवणीत आखडतो, भरगच्च वेळ सरताना आखडतो आणि आठवणीत लांबतो, ही गोष्ट विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच नोंदविली होती.

२००७ मध्ये स्टेट्सन, फिएस्टा आणि ईगलमन यांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात पडू देऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडणाऱ्यांना स्वतःचे पडणे सुमारे ३६ टक्के अधिक वेळ चालले असे वाटले, परंतु मनगटावरील यंत्रात झरझर बदलणारे अंक त्यांना एरवीपेक्षा अधिक स्पष्ट दिसले नाहीत. दृष्टी शीघ्र झाली नव्हती. लांबली होती ती स्मृती. म्हणजे येथेही ‘मंदावणे’ त्या क्षणी घडले नाही. ते जमिनीवर आल्यानंतर, ताडून पाहताना उमटले.

तरीही सर्व अनुभव इतके सरळ नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अंधेरीपासून उत्तरेकडे कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलेल्यांच्या हकीकती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ‘रात्र सरता सरेना’ हे शब्द परिचित असतील. ती रात्र सरतानाही लांब होती आणि आठवणीतही लांबच राहिली. जेम्स यांची विभागणी तिला पुरत नाही. भीती आणि प्रतीक्षा एकत्र आल्या म्हणजे काय होते याचे उत्तर उंचीवरून अडीच सेकंद पडण्याच्या प्रयोगातून मिळणार नाही, एवढेच तूर्त म्हणता येते.

‘हे सर्व आमच्या पुराणांत होते’ असे म्हणणाऱ्यांचाही येथे परामर्श घेणे भाग आहे. भागवतात ककुद्मी राजा कन्या रेवतीसह ब्रह्मलोकी जातो, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. या कथेत वेग नाही, गुरुत्व नाही, परिमाणांचा परस्परसंबंध नाही. तिला सापेक्षतावाद म्हणणे हा दोहोंवरही अन्याय होय. परंतु तिचे व्याकरण निर्दोष आहे : राजाला आपला काळ मंदावल्याचे जाणवत नाही, हिशेब तुटतो तो पृथ्वीची वार्ता कळल्यावर. योगवासिष्ठातील लवण राजाची कथा दुसऱ्या टोकाची. ऐंद्रजालिकाने पिसांचा कुंचा फिरविला, आणि सभेतील अल्प अवधीत राजाने एक दीर्घ आयुष्य भोगले. तिला भासाची कथा म्हणून बाजूला ठेवावे तर पुढे राजा त्या प्रदेशात जातो आणि आपण ‘भोगलेली’ वस्ती तेथे खरोखरच सापडते. खरे आणि भासमान या कप्प्यांविषयी त्या ग्रंथकाराला आपल्याहून अधिक शंका होती असे दिसते.

आधुनिक मराठीत हा विषय ललित लेखनात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांना आहे. त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली गेली आणि पहिली आली. अहमदाबादेतील एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना आपण ती लिहावयास घेतली, असे त्यांनीच सांगितले आहे. वेळ जाता जात नव्हता म्हणून मराठी विज्ञानकथेचा एक आरंभ झाला, ही नोंद भाषाभ्यासकास आवडण्याजोगी आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. ‘प्रवाशाचा काळ मंदावतो’ याऐवजी ‘परतल्यावर प्रवाशाचा वेळ कमी भरतो’ अथवा ‘त्याचे घड्याळ मागे पडलेले आढळते’ असे लिहावे. अनुभवाच्या संदर्भात ‘वेळ जात नाही’ आणि ‘वेळ लांब वाटला’ हे दोन प्रयोग वेगळे ठेवावेत. त्यासाठी नवी संज्ञा घडविण्याची गरज नाही.

एक अडचण मात्र उरते. ज्या लिंगभेदावर हे विवेचन उभे आहे तो उपनगरांतील बोलीत ढिला होत असावा अशी शंका घेण्यास जागा आहे. ‘माझी खूप वेळ गेली’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने दुरुस्त करीत आलो आहे, आणि घरी मराठीच बोलणाऱ्यांच्या उत्तरपत्रिकाही त्यांत आहेत. ‘वेळ झाला’ आणि ‘वेळ झाली’ यांतील अंतर त्यांच्या कानाला अद्याप जाणवते की नाही, हे पद्धतशीरपणे तपासून पाहावयाचे आहे.