कर्नल साइक्स यांची मत्स्यसूची : एक उपेक्षित मराठी साधन

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हें नांव आमच्या अभ्यासकांस ठाऊक आहे तें खडकीच्या लढाईमुळें, फार तर वेरुळाच्या लेण्यांवरील निबंधामुळें. पक्षिशास्त्रज्ञ त्यास निराळ्या नात्यानें ओळखतात. त्याच्या १८३२ च्या सूचींत दख्खनच्या माळावरील एका चंडोलास ‘देवा’ व एका लहान वटवट्यास ‘रामा’ अशीं शास्त्रीय नांवें आहेत. १८२४ सालीं तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी झाला. १८२९ च्या अखेरीस ती जागाच मोडली, तरी लष्करी कामाचा राजीनामा देऊन त्यानें आरंभिलेलें काम १८३१ च्या जानेवारींत तडीस नेलें.

आमचें लक्ष आहे तें त्याच्या १८३९ च्या मत्स्यसूचीकडे. मुळामुठा, घोड, भीमा या नद्यांतील माशांस त्यानें पुष्कळदां लोकांच्या तोंडचींच नांवें लॅटिन रूपांत दिलीं. मोल्सवर्थचा कोश निघाला १८३१ सालीं. म्हणजे हे शब्द त्या कोशाचे समकालीन होत. असें असतां मराठी शब्दांचें साधन म्हणून ही सूची आम्हीं पाहिली नाहीं, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

सूचींत दोष नाहींत असें नव्हे. देवनागरी रूपें नाहींत, त्यामुळें ल की ळ, द की ड हें कळत नाहीं. सांगणाऱ्यांचीं नांवेंही नाहींत. परंतु पुण्याजवळच्या ज्या माशास शास्त्रज्ञ आज बेधडक ‘खुद्री’ म्हणतात, त्याविषयीं आमचा स्पष्ट मतभेद आहे. साइक्स ‘दख्खन’ हा शब्द लिहितो तेव्हां दोन्ही अकारांच्या जागीं रोमन ‘यू’ घालतो. जेथें त्यास उकार हवा, तेथें तो दोन ‘ओ’ लिहितो. ‘बालुकी’, ‘गुंगवारी’ हीं त्याच सूचींतलीं उदाहरणें पाहावींत. मग ‘खुद्री’ हा उच्चार येतो कोठून? त्याच्याच लेखनपद्धतीनें वाचलें तर खद्री किंवा खडरी असेंच निघतें. ‘फुलुंगी’चेंही फलंगी किंवा फळंगी होतें. लिपिभ्रमाचीं अशीं उदाहरणें हस्तलिखितें चाळणाऱ्यांस नवीं नाहींत.

याचा निर्णय पुस्तकांत बसून होणार नाहीं. आम्ही कन्हेरीस राहतों. नीरा व भीमा या दोन्ही नद्या येथून लांब नाहींत. भीमेवर १९८० सालीं उजनीचें धरण झालें आणि इंदापुराकडील पात्राचा जलाशय बनला. धरणापूर्वीं त्या पात्रांत जाळें टाकलेले भोई आतां वृद्ध आहेत. त्यांच्या तोंडून हीं नांवें ऐकून देवनागरींत टिपणें, हें काम प्रथम हातीं घ्यावें.