जोगेंद्रनाथ मंडल: राजीनाम्यावरून आयुष्य वाचताना

जोगेंद्रनाथ मंडल कुठल्या देशाचे राजकारणी? सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनिअर मंडळींना मी हल्ली हा प्रश्न विचारते. कुणी पाकिस्तानचे म्हणतं, कुणी भारताचे, आणि गाव बघून कुणी बांगलादेशचे. आता तारखा बघा. जन्म १९०४, बाकरगंज म्हणजे बारिसाल जिल्हा. १९४७ मध्ये कराचीत पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री. मृत्यू १९६८, पश्चिम बंगालमधल्या बनगावला. बांगलादेश जन्माला आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. ज्या शेतकऱ्यांच्या मतांवर हा माणूस उभा राहिला त्यांची गावं आज बांगलादेशात आहेत, पण त्यांना स्वतःला ते नाव कधी लागलंच नाही.

देवनारला राहून शिकणाऱ्याला हा प्रश्न नुसता पुस्तकी वाटत नाही. इथून गोवंडी-मानखुर्दकडे जाताना रिक्षात, चहाच्या टपरीवर 'बांगलादेशी' हा शब्द कागदपत्रं न बघता सहज फेकला जातो. बंगाली बोललं की झालं. तेव्हा ही लेबलं कशी चिकटतात, हे इथल्या संशोधकाने तरी सावकाश बघायला हवं.

मराठी वाचकाला मंडल भेटतात ते बहुधा दोनदाच. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठवणारे म्हणून, आणि १९५० मध्ये पाकिस्तान सोडून आलेले पश्चात्तापदग्ध मंत्री म्हणून. पहिल्या प्रसंगात ते नायक असतात, दुसऱ्यात धडा. मधली वर्षं गायब. या दोन्ही गोष्टी ज्या पद्धतीने सांगितल्या जातात त्याबद्दल माझी तक्रार आहे.

पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ असते: बाबासाहेब 'जेसोर-खुलना मतदारसंघातून' निवडून आले, आणि याचा सूड म्हणून तो भाग पाकिस्तानला देऊन टाकला. भाषणात हे ठीक चालतं, पण प्रबंधात लिहाल तर व्हायव्हाला अडकाल. संविधान सभेला भौगोलिक मतदारसंघच नव्हते. प्रांतिक विधानसभेतले आमदार सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख अशा गटांत विभागून पसंतीक्रमाने मतं देत होते. तेव्हा 'खुलन्याची जागा' अशी काही चीजच नव्हती. त्यात १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा बंगालमध्ये एकच आमदार निवडून आला होता, तो म्हणजे मंडल. एका मतावर कुणी निवडून येत नाही. त्यांनी इतर दलित आमदारांची, अगदी काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्यांचीही, मनं वळवली. खरी गोष्ट ही आहे, आणि ती दंतकथेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. पक्षाची शिस्त मोडून ती माणसं का आली? त्यांना कशाची भीती होती, कशाची आशा होती? 'मतदारसंघ' हा एक चुकीचा शब्द लिहिला की हे सगळे प्रश्न गाडले जातात.

सुडाच्या गोष्टीला तर तारखाच पुरतात. फाळणीचं ठरल्यावर बंगालच्या जागांची फेरनिवडणूक आली आणि बाबासाहेबांची जागा गेली. राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ ला बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं, आणि जुलैमध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून, जयकरांच्या रिकाम्या जागेवर, परत सभेत आले. रॅडक्लिफची सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. जेसोर मुस्लिमबहुल होतं. खुलन्यात हिंदू काठावरच्या बहुमतात होते तरी ते पाकिस्तानात गेलं, आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात आलं. रॅडक्लिफच्या या अदलाबदलीवर वाद घालायला भरपूर जागा आहे, पण तो वाद वेगळा.

आता दुसरी गोष्ट, राजीनाम्याची. ८ ऑक्टोबर १९५० चं लियाकत अली खानांना लिहिलेलं लांबलचक पत्र. परिच्छेदांना क्रमांक घातलेले. पूर्व बंगालमधल्या दलितांवरचे आणि एकूण हिंदूंवरचे अत्याचार त्यात गावागणिक नोंदवले आहेत. खुलन्यातलं कालशिरा, सिल्हेटमधलं हबीबगढ, मग फेब्रुवारी १९५० चे ढाका आणि बारिसाल. वाचताना अंगावर काटा येतो. या पत्राच्या खरेपणावर मला शंका घ्यायची नाही. माझा आक्षेप आहे तो त्याच्या आजच्या वापराला. हल्ली ते सगळीकडे फिरतं, आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला जातो: दलित-मुस्लिम राजकारण ही मुळातच फसवणूक होती, पाहा, मंडलच सांगतात.

पण हेच पत्र मंडल लीगबरोबर का गेले तेही सांगतं, आणि तो भाग फिरवणारे लोक गाळतात. बंगालमधले बहुसंख्य मुसलमान आणि दलित दोघेही शेतकरी-मजूर, दोघेही शिक्षणात मागे, म्हणून दोघांचं आर्थिक हित एक, हा त्यांचा हिशोब होता. १९४३ च्या नझिमुद्दीन मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खातं होतं, हे लक्षात घेतलं तर तो हिशोब हवेतला वाटत नाही. आणि राजीनामा हा काही डायरी नव्हे. पंतप्रधानांच्या नावाने लिहिलेला तो मजकूर कलकत्त्याची वर्तमानपत्रं वाचणार, निर्वासित वाचणार, ज्या भारतात आता राहायचं तिथलं सरकार वाचणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कुठलाही दस्तऐवज हातात घेतला की कुणाला लिहिलाय, कधी लिहिलाय आणि आणखी कोण वाचणार होतं, हे आधी बघा.

द्वैपायन सेन यांचं 'द डिक्लाइन ऑफ द कास्ट क्वेश्चन' (२०१८) मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. शेखर बंद्योपाध्याय यांनी नमःशूद्रांवरच्या १९९७ च्या पुस्तकात साधारण असं मांडलं होतं की चाळिशीच्या दशकात हे आंदोलन राष्ट्रवादी आणि हिंदू प्रवाहांत मिसळत गेलं. सेन म्हणतात, मिसळलं नाही, हरवलं गेलं. 'मिसळलं' आणि 'हरवलं गेलं' यांतला फरक दिसायला व्याकरणाचा आहे, पण दुसऱ्या वाक्यात हरवणारा कोण हे सांगावं लागतं. सेन ते सांगतात. १९३७ मध्ये खुल्या जागेवर काँग्रेसच्या उमेदवाराला पाडणारा तरुण मंडलही त्यांच्यामुळे दिसतो, आणि १९५० नंतर भारतात निवडणुकांमागून निवडणुका हरणारा, दलित निर्वासितांना बंगालबाहेर पाठवायला विरोध करणारा थकलेला मंडलही.

पुस्तकात मला खटकतं ते एवढंच की सेन आपल्या नायकाचे वकील फार लवकर होतात. लीगने आपल्या समाजासाठी प्रत्यक्षात काय द्यायचं कबूल केलं होतं, हे मंडल यांनी किती तपासलं? नोआखाली १९४६ मध्येच घडलं होतं, तरी त्याच ऑक्टोबरमध्ये ते लीगच्या यादीतून दिल्लीच्या अंतरिम सरकारात गेले. कराचीतली तीन वर्षं मला आणखी सविस्तर हवी होती. चिरंजीव जगदीशचंद्र यांनी बंगालीत छापलेले 'महाप्राण जोगेंद्रनाथ'चे खंड मोलाचे आहेत, पण 'महाप्राण' या शब्दातच संपादकाची बाजू कळते, नाही का.

विषय शोधत असाल तर यातला एक धागा महाराष्ट्रात आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली भागात वसवली गेली. मुलचेरा, चामोर्शीकडे त्यांची गावं आहेत. त्यांत नमःशूद्र पुष्कळ. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. म्हणजे मंडल यांनी ज्या ओळखीवर आयुष्यभर राजकारण केलं, ती ओळख राज्याची हद्द ओलांडताच सरकारी कागदावरून पुसली जाते. तिथल्या ज्येष्ठांना मंडल कोण म्हणून आठवतात, नेता, मंत्री की निघून आलेला माणूस, हे कुणीतरी त्यांच्याच भाषेत विचारायला हवं. प्रपोजलमध्ये बंगाली शिकायला एक सेमिस्टर धरा, आणि गडचिरोलीचं फील्डवर्क पावसाळ्यात ठेवू नका.