झलक, वानगी आणि दोन मैलांची फिल्म

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) एका शिक्षिकेची तक्रार वाचून मी हसलो होतो. २०१६ साली आलेल्या ‘फॅन’ चित्रपटाच्या जाहिरातीत ‘जबरा फॅन’ हे गाणे दणक्यात वाजत होते. मराठीतही ते अवधूत गुप्ते यांच्या आवाजात आले होते. चित्रपटात मात्र ते नव्हतेच. मुले रुसली, रात्री जेवली नाहीत, आजारी पडली, असेही तक्रारीत होते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. झलक म्हणजे करार नव्हे, त्यात दिसलेले सारे चित्रपटात असेलच असे वचन ती देत नाही, हा निकालाचा गाभा.

भाच्याने एकदा संगणकावर दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या आणि माझे हसू थोडे ओसरले. ‘वॉच डॉग्स’ हा गेम २०१२ च्या प्रदर्शनात दाखवला तेव्हाचा आणि २०१४ साली विक्रीला आला तेव्हाचा. रस्ता जवळपास तसाच. पण पहिल्यातला प्रकाश, वारा, ओल्या डांबरावरची चमक दुसऱ्यात फिकी पडलेली. याला फसवणूक म्हणावे का? मी म्हणणार नाही. दोन वर्षे आधी दाखवलेला गेम हा बेत असतो. घराघरातल्या यंत्रांना तो पेलवेना तर छाटावा लागतो. नाटकसुद्धा तालमीत बदलतेच की.

बेत आणि वानगी यांत मात्र फरक आहे. आमच्या लासलगावच्या बाजारात ट्रॉलीतला वरचा कांदा पाहून बोली लागते. खाली वेगळाच माल निघाला तर तंटा ठरलेला. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १७ हेच सांगते: नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूम हवा. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’च्या जाहिरातींत अशीच गफलत होती. प्रात्यक्षिकासाठी तयार केलेली दृश्ये प्रत्यक्ष गेमची म्हणून दाखवली गेली, हे ब्रिटनच्या जाहिरात नियामकापुढे २०१३ साली कंपनीने मान्य केले. ‘सायबरपंक २०७७’चे प्रकरण त्याहून बोलके. डिसेंबर २०२० मध्ये तो जुन्या यंत्रांवर अडखळू लागला, सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला. जुन्या यंत्रांवर गेम कसा चालतो हे आधी दाखवले नाही, याबद्दल निर्मात्यांनी माफी मागितली. म्हणजे बदलण्यापेक्षा झाकणे हा दोष मोठा होता.

हा रोग परदेशी आहे, असे नाशिककराने तरी म्हणू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला चालेना, तेव्हा त्यांनी केलेली जाहिरात चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते: ५७ हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, दर फक्त तीन आणे. मी गणित मांडले. एका फुटात १६ चित्रे, म्हणजे ५७ हजार चित्रांना साडेतीन हजार फुटांच्या आसपास फिल्म लागते. पाऊण मैलही भरत नाही! पण त्या प्रेक्षकाने मैल मोजून तिकीट काढले नसणार. हलणारी चित्रे त्याला मिळाली.

तेव्हा माझी कसोटी एवढीच: पैसे घेण्याच्या दिवशी, दाखवलेली वस्तू आत नाही हे विकणाऱ्याला ठाऊक होते का, आणि घेणारा तिच्यासाठीच येणार हेही ठाऊक होते का? ‘वॉच डॉग्स’ या कसोटीवर कसाबसा सुटतो. प्रदर्शनानंतरच्या दोन वर्षांत खरे रूप लोकांना दिसत गेले होते. फाळकेही सुटतात. पण ‘जबरा फॅन’? गाणे चित्रपटात नाही हे निर्मात्यांना पहिल्या खेळाआधी ठाऊक होतेच, आणि मुलांना तेच गाणे हवे होते. कायद्याच्या दृष्टीने निकाल मला पटतो. माझ्या कसोटीवर मात्र त्या बाई जिंकतात.