प्रयोजक कर्ता आणि लेखनहक्क

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित वाङ्मयकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. व्याकरणाच्या परिभाषेत हा प्रयोजक कर्ता होय. 'आई मुलाकडून पत्र लिहविते' या वाक्यात लिहविणारी व लिहिणारा दोघेही स्पष्ट असतात. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेकडे कोणी कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांच्या शैलीतील कथा मागितली, तर लिहविणारा एक, यंत्र घडविणारा दुसरा आणि शैली तिसऱ्याची, असा प्रसंग उद्भवतो. १९७६ मध्ये निवर्तलेल्या खांडेकरांच्या ग्रंथांना २०३६ अखेरपर्यंत संरक्षण आहे. मात्र ते शब्दरचनेस आहे, शैलीस नाही. 'कर्ता' या एका पदात ही तिन्ही नाती मावत नाहीत. कायद्याने ती प्रथम पृथक् ओळखावयास हवीत. हक्काचा निवाडा त्यानंतरच संभवतो.