क्लोंडाइकच्या कथेतला एकटा पुरुष

कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या लाटेवरच्या बहुतेक पुस्तकांत, तिकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीचं छायाचित्र असतंच. १८९७-९८च्या हिवाळ्यात एरिक हेग या छायाचित्रकाराने तिथे काढलेल्या चित्रांत पांढऱ्या उतारावर माणसांची एक काळी रेघ पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेलेली दिसते. प्रत्येकाच्या पाठीवर ओझं, आणि पुढच्याच्या टाचेला मागच्याचा गुडघा लागेल एवढंच अंतर. दम खायला कुणी रांगेतून बाजूला झाला, की पुन्हा आत शिरायला त्याला ताटकळावं लागे. सोन्याच्या शोधातले हाल म्हणजे प्रामुख्याने हे होतं: गर्दी, ओझं आणि त्याच वाटेने पुन्हा पुन्हा चढणं. साहसकथेने मात्र ही रांग पुसून टाकली आणि तिच्या जागी एकटा पुरुष, अफाट बर्फ आणि एक कुत्रा उभा केला. त्या कथेतून थोर साहित्य निर्माण झालं, हे मला मान्य आहे. पण तीच कथा इतिहास म्हणून वाचली जाऊ लागली आणि त्यातून झालेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

आधी घडलं काय, ते पाहू. १६ ऑगस्ट १८९६ रोजी कॅनडाच्या युकॉन प्रदेशात रॅबिट क्रीक या ओढ्यात सोनं सापडलं. पुढे त्याचं नाव बोनान्झा पडलं. ही बातमी बाहेरच्या जगाला कळायला जुलै १८९७ उजाडला. सॅन फ्रान्सिस्को आणि सिअॅटलच्या बंदरांत सोनं घेऊन दोन बोटी लागल्या आणि सुमारे एक लाख माणसं उत्तरेकडे निघाली. तिथल्या डॉसन या गावापर्यंत पोहोचली ती तीस-चाळीस हजार. यातल्या बहुतेकांनी १८९८च्या उन्हाळ्यात डॉसन गाठलं तेव्हा चांगल्या ओढ्यांवरचे सगळे पट्टे आधीच कुणी ना कुणी नावावर करून घेतलेले होते.

माणशी वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्दीच्या आत सोडत नसत. हत्यारं, तंबू, कपडे धरून ते सामान जवळपास एक टन भरे. हा एक टन पाठीवरून खिंडीपार न्यायचा म्हणजे तीस-चाळीस खेपा. बर्फात खोदलेल्या सुमारे दीड हजार पायऱ्या चढायच्या, ओझं टाकायचं, घसरत खाली यायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी मेली. ३ एप्रिल १८९८ रोजी चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गाडली गेली. जी वाचली त्यांनी बेनेट तलावाच्या काठी झाडं तोडली, हातकरवतीने फळ्या पाडल्या, होड्या बांधल्या आणि बर्फ फुटल्यावर जवळपास आठशे किलोमीटरचा नदीप्रवास केला.

पुढे लेखक झालेला जॅक लंडन या रांगेत होता. वय २१. सोबत आलेला म्हातारा मेहुणा वाटेतूनच परत फिरला. लंडन पुढे गेला, स्ट्युअर्ट नदीच्या परिसरात लाकडी खोपटात त्याने हिवाळा काढला, स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजल्या, आणि १८९८च्या जूनमध्ये तो युकॉन नदीने समुद्राकडे निघाला. सोनं मिळालं ते पाच डॉलरचंही नव्हतं. पण त्या हिवाळ्यात खोपटात बसून ऐकलेल्या गोष्टी त्याला जन्मभर पुरल्या.

'टू बिल्ड अ फायर' ही त्याची कथा शरीराविषयी लिहिलेल्या उत्तम कथांपैकी एक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. तिची दोन रूपं आहेत. १९०२ साली मुलांच्या मासिकात आलेल्या पहिल्या रूपात नायकाला नाव आहे आणि तो जगतो. १९०८च्या रूपात त्याचं नाव गेलं आणि जीवही गेला. उणे साठ अंशांच्या आसपासची थंडी. पाय ओला झालेला माणूस स्प्रूसच्या झाडाखाली आग पेटवतो, फांद्यांवरचा बर्फ कोसळून ती विझते. बोटं बधिर झालेली. तो जवळच्या सगळ्या काड्या दोन्ही तळव्यांच्या मनगटाकडच्या भागांमध्ये धरून एकदम पेटवतो. मांस जळल्याचा वास त्याला आधी येतो, वेदना मागून. इथे लंडन एकही मोठा शब्द वापरत नाही. धीरोदात्तपणा, नियती, निसर्गाचा कोप यांतलं काही नाही. आहे ते फक्त हात आणि काडी. 'इन अ फार कंट्री' या आधीच्या कथेतही तीच ताकद आहे: एका खोपटात अडकलेले दोघे सुशिक्षित आळशी पुरुष, स्कर्व्ही, आणि साखरेच्या वाटणीवरून खुनापर्यंत गेलेला द्वेष. ती आज कमी वाचली जाते, याचं मला वाईट वाटतं, कारण कोंडलेल्या हिवाळ्याचं सत्य तिच्यात जास्त आहे.

'द कॉल ऑफ द वाइल्ड' (१९०३) ही कादंबरी मात्र घसरते ती नेमकी मूळ रहिवाशांपाशी. शेवटी बक या कुत्र्याच्या धन्याला मारणारी 'यीहॅट' जमात लंडनने कल्पनेतून काढली आहे. तिला चेहरा नाही, भाषा नाही, तिचं काम फक्त धन्याला मारण्याचं. लंडनला दुसरी बाजू दिसत नव्हती असंही नाही. 'द लीग ऑफ द ओल्ड मेन'मध्ये एक म्हातारा आदिवासी डॉसनमध्ये येऊन गोऱ्यांच्या खुनांची कबुली देतो आणि आपल्या लोकांचा विनाश कसा झाला ते सांगतो. लंडनला स्वतःची ही कथा फार प्रिय होती. जगाने उचलला तो बक.

चॅप्लिनने 'द गोल्ड रश' (१९२५) या चित्रपटात सुरुवातीलाच खिंडीतली रांग शेकडो माणसं घेऊन उभी केली आणि मग शिजवलेल्या बुटाच्या प्रसंगात भुकेला जे रूप दिलं, ते कुठल्याही कादंबरीला जमलं नाही. पियर बर्टन यांचं 'क्लोंडाइक' (१९५८) हा या विषयावरचा सर्वांत वाचनीय इतिहास. ते डॉसनमध्ये वाढले, वडील १८९८च्या लोंढ्यात आलेले. त्यांनी रांग परत आणली. तरी त्यांच्या पुस्तकाचं मन बाहेरून आलेल्यांपाशीच आहे.

खाणकामाकडे तर कथांनी पाठच फिरवली. तिथली जमीन बारमाही गोठलेली. रात्री लाकडांची आग लावायची, सकाळी वितळलेला थर उपसायचा, पुन्हा आग लावायची. असं करत धुरात घुसमटत कित्येक मीटर खाली खडकापर्यंत जायचं. काढलेली माती वसंतात पाणी वाहू लागेपर्यंत ढीग करून ठेवायची. आपल्या ढिगात सोनं किती, हे हिवाळाभर नीट कळत नसे. या अनिश्चिततेत केवढं नाट्य आहे! पण रोजच्या राबण्यात साहस दिसत नाही, म्हणून लेखक तिथे थांबत नाहीत.

खरी भर पडली ती मौखिक परंपरेतून. ज्युली क्रुकशँक यांनी युकॉनमधल्या तीन वृद्ध स्त्रियांच्या आत्मकथा 'लाइफ लिव्ह्ड लाइक अ स्टोरी' (१९९०) या पुस्तकात त्यांच्यासोबत सिद्ध केल्या. त्यांतल्या अँजेला सिडनी या टॅगिश समाजातल्या. सोनं सापडलं तेव्हा तिथे असलेला स्कूकम जिम त्यांच्या नात्यातला. खिंडीतून एका खेपेत सुमारे ७० किलो मांस वाहून नेणारा हा माणूस. बाहेरच्या इतिहासात तो सोनं हुडकायला गेलेला असतो. घरच्यांच्या आठवणीत मात्र तो नदीने खाली गेला, कारण गोऱ्या माणसाबरोबर गेलेल्या बहिणीची खबर येत नव्हती. आणि सोनं लाभलं ते त्याने एकदा वाचवलेल्या बेडकाच्या कृपेने. नात्याची ओढ आणि मुक्या जिवाशी जोडलेलं ऋण यांवर उभी असलेली ही गोष्ट हव्यासाच्या कथेपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. डॉसन वसलं ती जागा हान या मूळ रहिवाशांची. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या माणसांना नदीने काही किलोमीटर खाली मूसहाइडला हलवलं आणि आपली गाणी विसरली जाऊ नयेत म्हणून अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली.

कथासाहित्यात या मौखिक आठवणींची बरोबरी करणारं पुस्तक व्हेल्मा वॉलिस यांचं 'टू ओल्ड वुमेन' (१९९३). वॉलिस ग्विचिन समाजातल्या; आईकडून ऐकलेली दंतकथा त्यांनी लिहिली. दुष्काळी हिवाळ्यात टोळी दोन म्हाताऱ्यांना मागे टाकून जाते. त्या कुऱ्हाड फेकून खार मारतात, सशांसाठी फासे लावतात, एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे निघताना निखारे जपून सोबत नेतात. लंडनच्या माणसाकडे खिशात काड्या होत्या आणि त्याच्याकडे तेवढंच होतं. या दोघींकडे अनेक पिढ्यांनी शिकवलेले हात आहेत. पुढे टोळी उपाशीपोटी परत येते तेव्हा साठवलेलं अन्न द्यायचं की नाही, हा पेच वॉलिस घाई न करता मांडतात. भाषा साधी, कुठे कुठे फार समजावून सांगणारी. तरीही जगून राहण्यासाठी काय काय यावं लागतं, ते इतक्या नेमकेपणाने सांगणारी कादंबरी या प्रांतात मला दुसरी माहीत नाही.

तरी वाचकांचा ओढा अजून एकट्या पुरुषाकडेच आहे. १९९२ साली अलास्काच्या रानात एका जुन्या बसमध्ये उपासमारीने गेलेला क्रिस मॅककँडलेस लंडनचा भक्त होता. त्याच्यावरच्या 'इंटू द वाइल्ड' (१९९६) या पुस्तकात जॉन क्रॅकॉरने आठवण करून दिली आहे, की लंडन स्वतः उत्तरेत जेमतेम एक हिवाळा राहिला होता. पुस्तकाच्या अनेक वाचकांनी ती मनावर घेतली नाही. त्या बसपर्यंत पोहोचण्याच्या नादात आणखी माणसं नदीत बुडाली आणि अखेर २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

या प्रांतात आता नवं लिहायला बसणाऱ्याने लंडनचं हातांविषयीचं लक्ष घ्यावं आणि त्याचा एकांत सोडून द्यावा. विषय समोर आहेत. जिमची बहीण शा त्ला, म्हणजे केट कारमॅक, नवरा सोनं शोधत फिरे तेव्हा खाणवाल्यांसाठी बूट आणि हातमोजे शिवून घर चालवत होती. सोनं मिळाल्यावर नवऱ्याने तिला कॅलिफोर्नियात सोडलं. ती युकॉनला परतली आणि १९२० मध्ये तापाच्या साथीत गेली. कॅनडाच्या खाणकामाच्या सन्मानयादीत नवरा आणि भाऊ यांची नावं १९९९ सालीच गेली होती, तिचं नाव जायला २०१९ उजाडलं. तिच्या शिवणाच्या सुईवर किती पुरुषांची बोटं शाबूत राहिली असतील, याचा हिशेब त्या काळच्या एकाही साहसकथेने मांडलेला माझ्या वाचनात नाही.