इंजिन गेले, आकार राहिला

जव्हारहून मोखाड्याकडे आणि पुढे तोरंगणचा घाट चढून त्र्यंबकला जाणाऱ्या जीपला हवा आडवी येत नाही. आडवे येतात ते चढ, वळणे, आषाढातले धुके आणि खड्डे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40 किलोमीटरला तो जेवढा असतो, त्याच्या 75 पटींहून अधिक तो 350ला होतो. म्हणून या रस्त्यावरच्या बोलेरोचा चौकोनी तोंडवळा हा अडाणीपणा नव्हे. टपावर सामान, आत दाटीवाटीने माणसे, ठोकून सरळ करता येणारा पत्रा, या साऱ्याची गरज त्या आकारात दिसते. आता गंमत पाहा. नाशिकला ही बोलेरो बांधणाऱ्या महिंद्राच्याच मालकीची ‘बात्तिस्ता’ आहे, जगातल्या सर्वांत वेगवान विजेच्या गाड्यांपैकी एक. तिच्या आकारामागे मात्र नेमकी कोणती गरज आहे, हे सांगणे अवघड जाते.

महिंद्रा समूहाने तुरीनच्या पिनिनफारिना या वाहनरचना संस्थेचा ताबा घेण्याचा करार 2015च्या डिसेंबरात केला. 1930 साली बात्तिस्ता ‘पिनिन’ फारिना यांनी सुरू केलेले हे घराणे. त्यांची 1947ची चिसितालिया ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली, आणि 1972मध्ये त्यांनी खऱ्या मापाची गाडी आत उभी करता येईल असा वायुबोगदा उभारला. त्या काळी जगात असे बोगदे मोजकेच होते. एवढी पुण्याई पाठीशी घेऊन संस्थापकाच्या नावाची गाडी 2019च्या मार्चमध्ये जिनिव्हाला आली. चार चाकांना चार मोटारी, 1,900 अश्वशक्ती, 120 किलोवॉट-तासांची बॅटरी, आणि फक्त 150 गाड्या. 2023मध्ये पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स धावपट्टीवर तिने पाव मैल 8.55 सेकंदांत कापला.

आकडे बाजूला ठेवू. लुका बोर्गोन्यो यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या देहात हवा लपवलेली आहे. मागचा पंख गरजेप्रमाणे उठतो, जोरात ब्रेक दाबला की ताठ उभा राहून हवेलाच ब्रेक बनवतो आणि काम झाले की गुपचूप आत जातो. उभी गाडी त्यामुळे नितळ दिसते. हा संयम मला आवडतो. अतिवेगवान गाड्यांच्या जगात हल्ली पाती, खाचा आणि शिंगे यांचा जो बाजार भरलेला असतो, त्यात तो उठून दिसतो. कार्बन तंतूंच्या सांगाड्याची रीत जव्हारकडच्या माणसाला परकी वाटू नये. तिकडच्या बोहाडा या नाचाचे मुखवटे कागदाचे थर साच्यावर बसवून करतात. आतून पोकळ, हलके, पण नाचताना वाकत नाहीत. इथे थर कार्बन तंतूंचे, एवढेच.

तक्रार आहे ती कमरेखाली. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, धुराडे नाही. तरी बाजूने पाहिले की ही गाडी पोटात इंजिन असलेल्या फेरारीची धाकटी बहीण वाटते. तेच आखूड नाक, तोच पुढे सरकलेला बसण्याचा कप्पा, तेच रुंद नितंब. बचाव करता येतो. टी आकाराची बॅटरी दोन आसनांच्या मधून मागे जाऊन आडवी पसरते, म्हणजे इंजिनाच्या जागी जड वस्तू आलीच. पण ती बॅटरी तशी ठेवायची हाही निर्णयच होता, आणि तो बराचसा आधी ठरला होता: बात्तिस्ताचे विजेचे अंतरंग क्रोएशियाच्या रिमॅककडून आले आहे, तेच जे त्यांच्या नेव्हेरा या गाडीत आहे. एकाच हाडांवर दोन कातडी चढली. तुरीनच्या शिंप्याने सुरेख बेतले. माप मात्र दुसऱ्याने घेतलेले.

2019मध्येच आलेल्या लोटसच्या एव्हिया या विजेच्या गाडीने उलटी वाट धरली. तिच्या मागच्या अंगात आरपार बोगदे आहेत. हवा वरून न जाता गाडीतूनच जाते, आणि मागचे दिवे त्या बोगद्यांच्या तोंडाशी कडे करून बसवले आहेत. दिसायला ती बात्तिस्ताइतकी देखणी नाही. पण विजेमुळे मोकळी झालेली जागा कोणाला द्यायची, या प्रश्नाला तिने उत्तर दिले: हवेला. बात्तिस्ताने ती जागा आठवणींना दिली. तिचा कृत्रिम आवाजही असाच. 54 हर्ट्झवर बेतलेला, कारण त्याच्या आठपटीने 432 हर्ट्झ होतात आणि ती संगीतकार वेर्दीची स्वरपट्टी! शांत यंत्राला गाणे शिकवण्याचा हा खटाटोप मला हौशी वाटतो.

आपल्याकडे पुण्याजवळच्या चाकणला बनणारी महिंद्रा बीई 6, मुंबईकर प्रताप बोस यांच्या हाताखाली घडलेली, जुन्या आकाराच्या या दुखण्यातून थोडी सुटली आहे. सपाट बॅटरी तळाशी, चाके कोपऱ्यांत, नाक आखूड. अंगावरच्या घड्या मात्र गरजेपेक्षा जास्त. त्यातल्या काही नुसत्या रागावलेल्या दिसतात.

आणि मुंबईच्या वझिरानी कंपनीची 2021ची एकोंक. एकाच माणसाला बसता येईल अशी गाडी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वजन 738 किलो आणि 722 अश्वशक्ती. बॅटरी थंड करायला द्रव न वापरता हवाच वापरल्याचा त्यांचा दावा आहे. तो खरा मानला तर पंप, नळ्या, द्रव सगळे वजन गळते आणि हवेचे काम देहाच्या आराखड्यातच येऊन बसते. नमुन्यापलीकडे जाऊन ती किती जणांच्या दारात उभी राहील, याची शंकाच आहे. तरी बात्तिस्ताच्या दीडशे गाड्यांपेक्षा या एका नमुन्यात मला अधिक धाडस दिसते.