हवाईयन गिटारची जुळणी : गंधाराचा प्रश्न

हवाईयन गिटारवरील रागवादनाची चर्चा बहुधा मींडेपाशीच थांबते. पोलादी दांडी तारेवरून सरकते म्हणून हे वाद्य गायकीला जवळचे, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास अडचण त्याआधीच, तारा जुळविण्यात दिसते. ए मेजर या प्रचलित जुळणीत ए हा षड्ज मानल्यास सहा तारा सा, ग, प, सा, ग, प अशा लागतात. म्हणजे दोन तारा शुद्ध गंधाराच्या. भूपाला हे सोयीचे. भीमपलासीत मात्र ती मोकळी तार चुकून झंकारली तरी रागहानी होते.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांचे गिटार संतूर व बासरीसह ऐकू येते. तीतील अहीर भैरव, भूप, देस, पहाडी हे शुद्ध गंधाराचे राग; अपवाद पिलूचा. ही निवड गिटारसाठीच झाली असे नव्हे, पण तिने गिटारची कसोटी सौम्य केली. काब्रांनी चिकारी जोडली, हे अधिक मोलाचे: आधार कॉर्डकडून षड्जाकडे सरकला.

शुद्ध गंधारही निर्वेध नाही. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. ट्यूनर ४०० मागतो. दांडीखालचा स्वर हाताने सावरता येतो, मोकळ्या तारेचा नाही. विद्यार्थी मात्र काट्याकडेच पाहतो! गंधार तंबोऱ्याशी मिळवूनच उतरवावा. भीमपलासीसाठी त्याच तारा अर्ध्या स्वराने चढवून मध्यमावर न्याव्यात, तोच तेथील वादी.